म्हाळसाबाईचा घास

खुलताबादपल्याडच्या वस्तीवर चर्चचे पाळकसाहेब महिन्यातून एकदा मोटारसायकलवर येत. गेल्या खेपेला त्यांचं केरबाशी भांडण झालं. म्हणून म्हाळसाबाई गेली, तेव्हा केरबानं त्यांना कळवलंच नाही. बायकोला प्रार्थनेविना पुरलं. आज साहेब दारात दिसले आणि शरमेनं त्यांच्याकडं न बघताच त्यानं चटया अंथरल्या.

“केरबाभाऊ, राग गेला नाय व्हय अजून?” साहेब हसले आणि प्रभुभोजनाची भाकरी मोडायला बसले.

केरबाच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवून ते शेजारच्या रिकाम्या चटईपुढं वाकले.

“घ्या, म्हाळसाबाई.”

केरबाची मान खाली गेली. आता सांगायलाच हवं होतं.

“साहेब, ती...”

“थांबा भाऊ,” साहेब हळूच म्हणाले. “बाईंच्या तोंडात सगळी माती हाय. आधी पाणी आणा.”