उसना जीव

पिवळी पिन हातात धरून संयोगिता टीव्हीमागं वाकली होती. पिन होती, पण ती घालायला टीव्हीला भोकच नव्हतं.

"तरी सांगत हुतो," अमरसिंह सोफ्यावरून ओरडला. "नवा टीव्ही हाय ह्यो. तुझा तीस वर्सांचा डबा ह्येला कुठला चालतोय!"

"तू गप बस दादा. डबी आणलोय मी."

तिनं पिशवीतून काडेपेटीएवढी पांढरी डबी काढली. एका बाजूनं जुन्या पिना, दुसऱ्या बाजूनं नवी वायर. लहानपणीचा तो व्हिडिओ गेम ती गडहिंग्लजहून एसटीनं मांडीवर घेऊन आली होती. भांडून झाल्यावर तोंडं फुगवून बसायला नको म्हणून.

कारण ती आली होती भांडायलाच. दादाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. तिची किडनी त्याला जुळत होती, रिपोर्ट आले होते, तिच्या नवऱ्यानंही आनंदानं हो म्हटलं होतं. अडून बसला होता तो एकटा दादा. "बहिणीला द्यायचं असतंय, तिच्याकडनं घ्यायचं नसतंय," हे एकच तुणतुणं. बहिणीच्या घरी रिकाम्या हातानं कधी पाणीसुद्धा न प्यालेला माणूस तो. सकाळपासून ती समजावून थकली होती, रडली होती, आणि शेवटी चिडून टीव्हीमागं शिरली होती.

निळा पडदा म्हणाला, 'नो सिग्नल'.

"सोर्स बदल की! दोन नंबर घे."

तिनं सोर्स बदलला. कॅसेट काढली, फुंकर मारली, पुन्हा दाबून बसवली. आणि तो जुना कर्कश आवाज हॉलभर घुमला. कित्येक महिन्यांनी दादा हसला. तिला भरून आलं.

रुंद पडद्यावर गेममधल्या दोन सैनिकांचं चित्र आडवं ताणलं गेलं होतं.

"सैनिक लई जाड झाल्यात की गं."

"संसाराला लागल्यात," ती म्हणाली.

दोघांना तीन-तीन जीव होते. पण नव्या टीव्हीची एक खोड निघाली. बटण आत्ता दाबलं तर उडी क्षणभर उशिरा पडायची. संयोगिताच्या ते लगेच ध्यानात आलं, ती जरा आधीच दाबू लागली. अमरसिंह जुन्या सवयीनं ऐनवेळी दाबायचा आणि सरळ खड्ड्यात जायचा. एक जीव गेला. दुसरा गेला. पुलावर तिसराही गेला आणि त्याचा सैनिक पडद्यावरून नाहीसा झाला.

त्याच्या अंगठ्यानं पुन्हा बटण दाबलं.

सैनिक परत उभा राहिला. वर कोपऱ्यात संयोगिताच्या तीन जीवांचे दोन झाले. त्या गेममध्ये तशी सोयच होती. आपले जीव संपले की जोडीदाराचा एक घेता यायचा. लहानपणी दर डावाला तो असाच घ्यायचा. ना विचारणं, ना सांगणं.

तिनं गेमचा रिमोट खाली ठेवला. "घेतलास?"

"अगं, हात आपसूक गेला."

"जायचाच. तू कवा विचारलास, आणि मी कवा न्हाय म्हटलो?"

सुया टोचून सुजलेल्या आपल्या हाताकडं अमरसिंह बघत राहिला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "लई दुखतंय गं त्या ऑपरेशनात. तुला दुखंल."

"दुखू दे."

पडद्यावर दोन जाड सैनिक पुलावर नुसतेच उभे होते.

"कवा या म्हणालेत डॉक्टर?"

"सोमवारी." तिनं पदरानं डोळे पुसले आणि रिमोट उचलला. "आता फुडं बघ. जपून खेळ, दादा. माझा जीव हाय त्यो."