कोरडा डबा

टाळ्या वाजल्या. हिशेबनीस आपली चूक सांगून खाली बसला. परवा म्हणे तो टेबलावरचा दिवा चालूच ठेवून घरी गेला होता.

डब्यांच्या त्या कंपनीत दर सोमवारी सकाळी हा कार्यक्रम असे. "चुका सांगा, घाबरू नका, चुकांतूनच नवं सुचतं," असं मॅडम कुठल्याशा शिबिरात शिकून आल्या होत्या. तेव्हापासून प्रत्येकाने एक चूक सांगायची आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, असा दंडकच पडला. माणसं हुशार. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या चुका घरूनच घेऊन येत.

टेबलाच्या मधोमध जेवणाचा नवा डबा ठेवला होता. झाकणावर बटण, एका बोटाने दाबलं की उघडतो. कल्पना खुद्द मॅडमची. नमुने सगळ्यांना घरी वापरायला दिले होते आणि सगळ्यांनी "झकास!" असा निर्वाळा दिला होता. उद्यापासून कारखान्यात हेच झाकण निघायचं होतं. राहिली होती ती फक्त तपासनीसबाईंची सही.

आता पाळी त्यांचीच होती.

त्या उभ्या राहिल्या आणि त्यांची नजर टेबलाच्या टोकाला बसलेल्या गोदामवाल्यांकडे गेली. ते काही पहिल्यापासून गोदामवाले नव्हते. मॅडमच्या शेजारची खुर्ची त्यांची होती. मागच्या झाकणाच्या वेळी ते "पण" म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांनी गोदामात जाऊन पूर्ण केलं. त्या खुर्चीवर आता मॅडमची पर्स बसत असे. 'तुझं काय जातंय? सही कर आणि मोकळी हो,' असं बाईंना कालच नवऱ्याने बजावलं होतं.

"माझी चूक..." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "माझी चूक अशी की, हा डबा गळतो हे मला माहीत होतं आणि मी गप्प बसले."

टाळ्या वाजल्या नाहीत.

"बटणाच्या कडेने गळतो. डबा आडवा झाला की रस्सा बाहेर. माझ्या मुलीच्या दप्तरात सांडला, तिची चित्रं खराब झाली. रडली नाही ती. 'आई, हा तू तपासला होतास ना?' एवढंच विचारलं." बाईंनी पदराशी चाळा करणारा हात आवरला. "मी सही करणार नाही, मॅडम. गोदामात जा म्हणालात, तर जाईन."

जो तो टेबलाचं लाकूड निरखू लागला. मॅडमच्या चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता.

विक्रीप्रमुखाने घसा खाकरला. हा गडी धिप्पाड, आवाज दणदणीत, गिऱ्हाइकाचं 'नाही' कधी ऐकून न घेणारा. पण आता तो कसाबसा पुटपुटला, "माझ्या गाडीच्या सीटवर सांडलं. मला वाटलं, मलाच झाकण लावता येत नाही. बायको अजून ऐकवते. तेव्हापासून मी उकडलेली अंडी आणतो."

"तुम्हीसुद्धा?" हिशेबनीस ओरडलाच. "अहो, मी तर शेंगदाण्यांवर जगतोय!"

मग काय, कोणी सफरचंदं कबूल केली, कोणी नुसता पाव. झाकली मूठ उघडली ती उघडलीच. अख्खी कंपनी डबे बनवत होती आणि मुकाट्याने कोरडं खात होती. प्रत्येकाला वाटत होतं, आपलाच तेवढा फुटका. हसता हसता विक्रीप्रमुखाच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात मॅडम उठल्या. हसू जागच्या जागी थांबलं. त्या तडक केबिनमध्ये गेल्या आणि दार लागलं.

"संपलं," विक्रीप्रमुख म्हणाला.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "गोदामात पंखा आहे का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"आहे," गोदामवाले म्हणाले. "फिरत नाही."

दार उघडलं. मॅडमच्या हातात त्यांचा स्वतःचा डबा होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत डबा, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वर करकचून गाठ. गाठ सुटेना, तेव्हा त्यांनी ती सगळ्यांदेखत दातांनी सोडवली. आत बिस्किटं होती.

"आई रोज विचारते मला," त्या म्हणाल्या, "तुझी कंपनी डब्यांची, का पिशव्यांची?"

कोणाला हसायचं धाडस होईना. मग त्याच हसल्या आणि धपकन खुर्चीत बसल्या. "तुम्ही सगळे झकास झकास म्हणत होतात. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. तुमच्याकडून दर सोमवारी चुका वदवून घेतल्या आणि स्वतःची पिशवीत बांधून ठेवली. हुश्श! किती हलकं वाटतंय म्हणून सांगू!" त्या बाईंकडे वळल्या. "सही करू नका. आणि कुठेही जायचं नाही."

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी डोळे पुसले आणि पुढे आलेलं बिस्किट घेतलं. सगळे एकदम बोलायला लागले. रबर जाड करू, नाहीतर बटणच काढून टाकू, नाहीतर रस्साच बंद करू.

"पण..." टेबलाच्या टोकावरून आवाज आला.

गोदामवाले बोलून गेले होते. स्वतःच दचकले, आणि सवयीने खुर्ची मागे सरकवून निघायला उभे राहिले.

मॅडमनी शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलली आणि खाली जमिनीवर ठेवली.

"इकडे या," त्या म्हणाल्या. "पण काय?"