लाल पडदा

स्टेशनमास्तरने तपकिरी सुटकेसच्या खटक्यात पुन्हा एकदा स्क्रूड्रायव्हर घातला. खटका ढिम्म हलला नाही. अकरा वाजायला दहा मिनिटं होती आणि अकराच्या गाडीने मुख्यालयातले साहेब यायचे होते.

सकाळपासून तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. दिवसाला जेमतेम चार गाड्या थांबणारं हे स्टेशन बंद करायचं घाटत होतं. आज ऐतिहासिक म्हणून नोंद झाली, तर त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. आणि इतिहास तर घरचाच होता. बेचाळीस वर्षांपूर्वी, पुराच्या सकाळी, इथे सिग्नलवर काम करणाऱ्या तिच्या बाबांनी स्वयंपाकघराचा लाल पडदा खसकन ओढला, रुळांवर धाव घेतली आणि नुकतीच सुटलेली सात दहाची गाडी अडवली. पुढचा पूल वाहून गेला होता. दोनशे माणसं वाचली.

टेबलावर तिने तो पडदा मांडला होता, शेजारी गाड्यांची नोंदवही आणि ही सुटकेस. त्या दिवशीच्या गोंधळात गाडीत राहिलेली, नियमाप्रमाणे कपाटात ठेवलेली. मुठीला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘बेवारस. दुसरा डबा.’

“राहू दे गं बंद,” बाकावरून आई म्हणाली. “दुसऱ्याच्या बॅगेत कशाला नाक खुपसायचं?”

“दुसरा आलाय कुठे न्यायला?”

“असेल काही अडचण.”

साहेब आले. माणूस रुक्ष होता. चहा नको म्हणाला आणि थेट नोंदवहीत शिरला.

“गाडी अडवली सात चौदाला. पूल गेल्याचा फोन आला सात चाळीसला. म्हणजे यांना सव्वीस मिनिटं आधी कळलं?”

“हो ना,” ती फुलून म्हणाली. “सगळ्यांच्या आधी.”

“पण नोंदीप्रमाणे ते तर रात्रपाळी करून घरी गेले होते. मग कळलं कसं?”

हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता.

“नुसता योगायोग असेल, तर मला नोंद करता येणार नाही,” साहेबांनी पेनाला टोपण लावलं. तिने आईकडे पाहिलं.

आईने हातातली पर्स मांडीवर नीट ठेवली.

“पाण्याचा आवाज बदलला, त्याने जाग आली त्यांना. पूल गेला म्हणाले, आणि तसेच धावले. पायात एकच चप्पल.”

“तुम्ही पाहिलंत?”

“या डोळ्यांनी. डोक्यावर पडदा नाचवत, सरळ इंजिनाच्या अंगावर येत होते. ढसाढसा रडत होते.”

साहेबांनी टोपण काढलं आणि सही ठोकली.

त्यांची गाडी सिग्नलपार गेली, तशी स्टेशनमास्तरने आईला मिठीच मारली. “वाचलं गं आपलं स्टेशन. बाबांनी दुसऱ्यांदा वाचवलं.” चाळिशीची बाई, अंगावर युनिफॉर्म, पण प्लॅटफॉर्मवर लहान मुलीसारखी गिरकी घेऊन आली.

आत येते तो आई टेबलापाशी उभी. तिने सुटकेसच्या मुठीखाली अंगठा दाबला, दोन्ही खटके बाहेरच्या बाजूला सारले. झाकण अलगद उघडलं. आत घडी घातलेला हिरवा स्वेटर होता, कंगवा होता आणि फक्त जाण्याचं तिकीट.

“पुलाचं तुझ्या बाबांना काही ठाऊक नव्हतं,” स्वेटर झटकत आई म्हणाली. “उठले, तर उशीपाशी माझी चिठ्ठी होती.”