बिघडलेल्या कपड्यांची स्पर्धा

अकराव्या कपड्यापर्यंत सभागृहात लोकांची हसून हसून मुरकुंडी वळली होती. धाकटा मास्तर माइक घेऊन दोरीखालून फिरत होता. दोरीवर एकेचाळीस कपडे टांगलेले, प्रत्येकाला क्रमांकाची चिठ्ठी. समोर स्टँडवर मोबाइल लावलेला आणि सगळा सोहळा थेट ब्लॉगवर दिसत होता.

"हा शर्ट बघा," तो म्हणाला. "एक बाही मनगटापर्यंत, दुसरी बोटांच्या टोकापर्यंत. शिवणाऱ्याने माप घेतलं की नुसता अंदाज बांधला?"

पुन्हा हशा. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी तर डोळ्यांना रुमाल लावला. आपण इतके विनोदी आहोत हे धाकट्या मास्तरला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

ब्लॉगचं नाव 'सरळ शिवण'. कापड कसं निवडावं, कॉलर कशी बसवावी, कुठला कपडा कोणाला शोभतो, हे सगळं ज्ञान तो दोन वर्षं जगाला फुकट वाटत होता आणि जग ते घेत नव्हतं. वाचक एकूण नऊ. त्यात तो स्वतः, बायको, आणि तीन वेगवेगळ्या नावांनी मेव्हणा. शेवटी मेव्हण्यानेच अक्कल शिकवली, की नुसतं लिहून भागत नाही, स्पर्धा घ्या, लोकांना एकत्र बोलवा.

म्हणून ही स्पर्धा. टेलरने बिघडवलेला कपडा आणायचा. सगळ्यात जास्त बिघडलेल्या कपड्याच्या मालकाला नवा कोरा सूट शिवून मिळणार. टेलरचं नाव मात्र कोणी घ्यायचं नाही, उगाच बदनामी नको.

हा मोठेपणा काही उगाच नव्हता. त्या भागात टेलर दोनच. एक तो, आणि दुसरे रस्त्यापलीकडचे थोरले मास्तर. त्यांच्या दारात कळकट पडदा, आत एक पिवळा दिवा, आणि तरी सकाळपासून रांग. धाकटा त्यांच्याकडेच शिकला होता. म्हणजे शिकत होता, आणि अकरा वर्षांपूर्वी एके दिवशी आपल्याला सगळं येतं असं त्याच्या लक्षात आलं. त्याने समोरच काचेच्या दाराचं दुकान थाटलं. लोक त्याच्याकडे एकदा यायचे. दुसऱ्यांदा समोर जायचे.

आता टेलर दोन, त्यातला एक आपण, तेव्हा कपडे बिघडवणारा कोण हे सांगायला नकोच. थोरल्यांना परीक्षक म्हणून बोलवायचं, चारचौघांत त्यांची जिरवायची आणि ती रांग काचेच्या दारी आणायची, असा साधासरळ बेत होता. ती आली नाही तर दुकान यंदाच बंद करावं लागणार होतं. मनात आणखीही एक होतं, पण ते ब्लॉगवर लिहिण्यासारखं नव्हतं. पाच वर्षं हाताखाली काढली, पण 'बरं शिवतोस' एवढं म्हाताऱ्याने कधी म्हटलं नव्हतं.

थोरले मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. एकेचाळिसावा कपडा झाल्यावर ते उठले. कपडे बाहेरून त्यांनी पाहिलेच नाहीत. एक शर्ट उलटा केला, चष्मा वर सरकवून आतली शिवण पाहिली. मग दुसरा. मग एक फ्रॉक.

"मास्तर, उलटून काय बघताय?" धाकट्याने माइकवरून विचारलं. "घोटाळा तर बाहेरूनच दिसतोय."

थोरल्यांनी शिवणीच्या टोकावर अंगठा ठेवला. तिथे हाताने घातलेली एक लहानशी फुली होती. शिवण पक्की राहावी म्हणून अशी फुली घालायला फक्त त्यांच्या दुकानात शिकवत. धाकट्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आयता पुरावा! त्याने तो शर्ट मोबाइलसमोर धरला, आणि धरता धरता त्याचा हात थांबला. फुलीचा वरचा टाका डावीकडे कललेला होता. थोरले उजव्या हाताने शिवायचे. डावखुरा तो स्वतः होता.

त्याने शेजारचा कोट उलटला. मग पँट. मग आणखी चार कपडे. सगळ्या फुल्या डावीकडे. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याने सभागृहाकडे पाहिलं. तिथे कोणालाच नवल वाटलेलं नव्हतं. आपला कपडा कोणी शिवला हे ज्याला त्याला ठाऊकच होतं. लोकांना आपलं वाटलं होतं, माणूस सुधारला, स्वतःच्या चुका चारचौघांत मोजतोय, आणि तेही किती खेळीमेळीने. मोबाइलवर आकडा झळकत होता. चार हजार लोक बघत होते. ब्लॉगची एकदाची प्रसिद्धी झाली होती.

थोरल्यांनी माइकसाठी हात पुढे केला. धाकट्याने तो दिला. याला स्वतःचंच काम ओळखू आलं नाही, एवढं एक वाक्य म्हातारा बोलला की काचेचं दार कायमचं बंद. "मास्तर..." एवढंच त्याच्या तोंडून फुटलं.

"बक्षीस कोणालाच देता येणार नाही," थोरले म्हणाले. "हे सगळं एकाच हातचं काम आहे आणि तो हात मी शिकवलाय. अर्धवट शिकवला आणि जाऊ दिला. दोष माझा."

थोरले दोरीवरचे कपडे एकेक करून काढू लागले. पंधरा दिवसांत सगळे नीट करून देतो, ज्याने त्याने माझ्या दुकानातून घेऊन जावं, असं त्यांनी सांगितलं. टाळ्या पडल्या. धाकटा मोकळ्या दोरीखाली मान घालून उभा होता. त्याला रडू येत होतं, आणि ते अपमानाचं की सुटल्याचं हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

थोरल्यांनी माइक खाली ठेवला आणि अर्धे कपडे त्याच्या हातांवर टाकले.

"उद्या नऊला ये," ते म्हणाले. "उसवायला माणूस लागेल."