रक्ताच्या नात्यातलं कोण?

"धोका टळला," ऑपरेशन थिएटरच्या दारातच डॉक्टर अनुजा म्हणाल्या. "पोट उघडावं लागलं नाही. जांघेतून नळी घालून आत जाळी बसवली. काका शुद्धीत आहेत, चहा मागतायत."

संघप्रिया रडता रडता हसली. तिच्या आईला, अंजनाबाईंना मात्र अजून बसवेना.

संघप्रियाचे वडील धोंडीराम एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली आणि पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीला आलेला फुगा दिसला. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. फुटला असता तर दवाखान्यापर्यंत पोचलेही नसते.

"आणखी एक," डॉक्टर जाता जाता थांबल्या. "हे घराण्यात चालत येऊ शकतं. काकांच्या रक्ताच्या नात्यातलं कोण कोण आहे? पन्नाशीचा पुरुष, त्यात विडी ओढणारा असेल, तर त्याला धोका जास्त."

"बाबांना भाऊ नाही," संघप्रिया म्हणाली. "मलाही नाही. मी एकटीच."

"मग तुम्ही तेवढं तपासून घ्या."

डॉक्टर गेल्या. अंजनाबाई बाकावर टेकल्या, लगेच उठल्या. पदर बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"आई, झालं की सगळं नीट. बस की आता."

"उकडाय लागलंय गं," म्हणत त्या जिन्यात गेल्या.

खाली शाहूपुरीच्या रस्त्यावर हॉर्न वाजत होते. त्यांनी कबनूरला थोरल्या बहिणीचा नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला. तिला विचारलं तर ती नकोच म्हणणार. पाया पडणार. त्या एक जिना उतरल्या, परत चढल्या. मग बहिणीच्या मुलाला, नागसेनला फोन लावला.

तो कारखान्यात होता. यंत्रमागांच्या खडखडाटात ओरडून बोलला, "मावशी! काका कसं हायत?"

"बरं हायत. तू आजच्या आज पोटाची सोनोग्राफी करून घे."

"मी? मला काय झालंय?"

"डॉक्टर म्हणत्यात, रक्ताच्या माणसानं करायचीच."

नागसेन हसला. हसता हसता खोकला. विडीचा जुना खोकला, थांबता थांबेना. "आगं, मी तुझ्या भनीचा पोरगा. काकांचं रक्त माझ्यात कुठनं येतंय?"

अंजनाबाईंनी कठडा घट्ट धरला.

"मागापासनं जरा बाजूला हो."

खडखडाट लांब गेला. "हां, बोल."

"ताईला पोर होत न्हवतं. तू म्हैन्याचा असताना मीच तुला तिच्या ओटीत घातलं. नागसेन, आत पडल्यात ते तुझं काका न्हाईत. बाप हायत."