निळ्या दोऱ्याची गाठ

आपल्याच डिटेक्टिव्ह मालिकेचा शेवटचा भाग ताईशेजारी बसून बघायचा, हे लेखकाला नको झालं होतं. पुलाच्या कामात मंत्र्यानं खाल्लेले पैसे उघडकीला आणले म्हणून ताईच्या नवऱ्याचा खून झाला आणि मंत्री मोकळाच राहिला. “निदान टीव्हीवर तरी पकड रे त्याला,” म्हणत तिनं शूटिंगसाठी नवऱ्याचा चष्मा दिला होता, मोडकी काडी तिनंच निळ्या दोऱ्यानं बांधलेला. मग वरून फोन आला आणि लेखकानं घाबरून खुनीच बदलला. पडद्यावर डिटेक्टिव्हनं तोच चष्मा उचलला. “ही गाठ बायकोच्याच हातची. झटापटीत मोडलेला चष्मा तिनंच बांधला. खुनी तीच!” ताईनं टीव्ही बंद केला. “चष्मा आणलायस?” लेखकानं मान खाली घालून तो खिशातून काढला. “असला पुरावा घरात नको बाबा,” म्हणत ती दातांनी आपलीच गाठ सोडवू लागली.