कवितेसाठी शंख

आजीने शंख फुंकला आणि झर्नेल तिचा हात धरायला धावली. “आजी, नको ना गं,” ती म्हणाली. तोवर आजीने दुसऱ्यांदा फुंकलासुद्धा.

शंख वाजला की हातातलं टाकून यायचं, हा त्या डोंगरातल्या गावाचा शिरस्ता. कुणाचं छप्पर वादळात उडालेलं असतं, कुणाची लावणी अडलेली असते. सगळ्यांनी हात लावायचा, घरधनिणीने पोटभर जेवू घालायचं, आणि काम संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. याला ते कूदमें म्हणतात. मा तितीन कोयता घेऊन आली. लेनर्डच्या खांद्यावर फावडं होतं. वरच्या आळीतल्या दोघी बहिणींनी दोरखंड आणला होता.

“छप्पर तर धडधाकट दिसतंय,” मा तितीन वर बघत म्हणाली. “काम काय काढलंयस, झेली?”

“कविता,” आजी म्हणाली.

“काय?”

“कविता. पोरीला उद्या वर्गात उभं राहून अर्थ सांगायचाय. आम्हा म्हातारा-म्हातारीच्याने काही उलगडेना. बसा.”

लेनर्डने फावड्याकडे पाहिलं, मग चुलीवरच्या पातेल्याकडे. नीरफणस आणि खारवलेला मासा शिजत होता. तो बसला.

झर्नेलला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. मागच्या खेपेला ती वर्गात उभी राहिली आणि तोंडातून शब्द फुटला नाही. बाई रागावल्या असत्या तरी चाललं असतं. त्या नुसतं म्हणाल्या, “पुढच्या खेपेलाही असंच झालं, तर साहित्याचा पेपर तू सोडलेलाच बरा.” आणि साऱ्या शाळेत तिला आवडायचा तो तेवढाच विषय.

“वाच,” आजी म्हणाली. झर्नेलने मान खाली घालून वाचलं.

“इंजिन आलं डोंगर चढून,
त्याने गावाचं गाणं खाल्लं.
त्या संध्याकाळी बायकांच्या हातांना
कुठे जावं ते कळेना.”

“कसाव्याच्या किसणीचं इंजिन,” एक बहीण लगेच म्हणाली. “आपल्याकडे आलं होतं तसलंच.”

“गाणं खाल्लं म्हणे!” मा तितीनने उजवा हात सगळ्यांच्या नाकापुढे नाचवला. बोटांच्या पेरांवर जुने पांढरे वण होते. “आणि पत्र्याची किसणी आमची बोटं खायची, ते कुठे लिहिलंय? पोती पोती कसाव्याचे कंद हाताने किसायचो आम्ही. इंजिन आलं त्या दिवशी मी मेणबत्ती लावली चर्चमध्ये.”

“पण गाणी होती गं,” लेनर्ड म्हणाला. “तुम्ही किसायला बसलात की खालच्या ओढ्यापर्यंत ऐकू यायची. मी मुद्दाम गुरं तिकडे न्यायचो.”

“तुला काय जातंय? तू ऐकत होतास, किसत नव्हतास.”

सगळे हसले. पण त्या दोघी बहिणींनी हळूच सूर धरला, आणि मा तितीन तोंड वाकडं करत का होईना, त्यांच्यात मिसळली. अर्ध्यावर शब्द विसरले. कुणालाच आठवेनात. लेनर्डने टोपी काढून उगाच झटकली.

“कवयित्रीचंही खरंच आहे म्हणायचं,” मा तितीन पुटपुटली. “बरं, ती शेवटची ओळ. हातांना कळेना म्हणजे काय?”

“आमच्या बाई म्हणतात, हात निकामी झाले,” झर्नेल म्हणाली. “मला तसं वाटत नाही. पण कसं वाटतं तेही सांगता येत नाही.”

बायका आपापल्या हातांकडे बघत राहिल्या. आजोबा मघापासून पायरीवर बसून होते. फेलीस बोलला तर वर्षाचा हिशेब एकदम चुकता करतो, असं गाव त्यांना चिडवायचं.

“त्या संध्याकाळचं मी सांगतो,” आजोबा म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा,” आजी म्हणाली.

“रोज हिच्या दारावरून जायचो. ही आपली किसतेय. मान म्हणून वर नाही. इंजिन आलं त्या दिवशी ही पायरीवर नुसती बसलेली. हात मांडीवर. कुठे ठेवावेत तेच कळत नव्हतं हिला. मी शेजारी बसलो.”

“मग?”

“मग काय? धरला एक.”

अंगणात असा हशा उठला की कोंबड्या पळाल्या. आजी पाठ फिरवून पातेलं ढवळू लागली. ते मघाच ढवळून झालं होतं.

“म्हणजे हात निकामी नाही झाले,” झर्नेल म्हणाली. “मोकळे झाले. इतकी वर्षं कामातच होते, त्यामुळे मोकळं कसं असायचं हेच त्यांना माहीत नव्हतं. म्हणून बावरले. गाणं गेलं त्याचं कवयित्रीला वाईट वाटतं, आणि ते खरं आहे. ते आपण आत्ताच पाहिलं. पण तिने कविता संध्याकाळीच थांबवली. हातांना पुढे काय सापडलं, ते तिने ज्याच्या त्याच्यावर सोडलंय.”

मग झर्नेलच्या लक्षात आलं की ती उभी आहे, अंगणभर माणसं तिच्याकडे बघताहेत, आणि ती बोलली आहे.

“संपलं काम,” मा तितीनने कोयता उचलला. “वाढा आता. आणि पोरी, उद्या अडलीस तर शंख फुंक. आम्ही सगळे शाळेत येतो. हत्यारं घेऊन.”

आजीने सगळ्यांना वाढलं. पळी ठेवली, हात पुसले, पुन्हा पुसले. पायरीवर आजोबा जरासे सरकले. आजीने एकदा अंगणाकडे पाहिलं. सगळे जेवणात होते. मग ती जाऊन त्यांच्या शेजारी बसली.